प्रोजेक्ट बोर्ड आणि कोडची रिपॉझिटरी कशी जोडायची: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

कोड केव्हाच मर्ज झालाय, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळलाय, आणि बोर्डावरचं त्या कामाचं कार्ड मात्र ‘काम चालू’च्या रकान्यात पडून आहे. किंवा याच्या उलट, कार्ड ‘पूर्ण’मध्ये गेलंय आणि त्याची पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती) अजून रिव्ह्यूची वाट बघतेय. कुठल्याही सॉफ्टवेअर टीममध्ये महिनाभर काम केलं असेल तर हे चित्र तुमच्या ओळखीचं असणार. स्टँडअपमधला (रोजच्या छोट्या बैठकीतला) बराच वेळ मग ‘हे झालंय का?’ या एका प्रश्नात जातो. बोर्ड एकीकडे आणि कोड दुसरीकडे असल्यावर दोन्ही जागा माणसांनी हाताने जुळवत बसायच्या, आणि घाईच्या दिवसांत ते हमखास राहून जातं.

दोन्ही जोडले की हा त्रास बराच कमी होतो. पण मला जास्त मोलाचा वाटतो तो फायदा नंतरचा आहे. वर्षभराने कुणीतरी एक विचित्र अट वाचतं आणि विचारतं, ‘ही ओळ इथे का आहे?’ ओळीवरून कमिट (त्या बदलाची गिट या साधनात केलेली नोंद) सापडतो, कमिटमध्ये कार्डाचा क्रमांक असतो आणि कार्डावर तेव्हाची सगळी चर्चा असते. क्रमांक नसेल तर ती ओळ लिहिणाऱ्याला शोधत फिरावं लागतं, आणि तोवर तो टीममध्ये असेलच असं नाही.

म्हणून आधीच सांगतो: जोडणीचं बटण दाबणं हा यातला सगळ्यात छोटा भाग आहे. ब्रँच (कामासाठी काढलेली कोडची वेगळी शाखा), कमिट आणि पुल रिक्वेस्ट या तिन्हींत कार्डाचा क्रमांक येणं, ही सवय म्हणजेच खरी जोडणी. साधन कुठलंही घ्या, सवय नसेल तर ते रिकामंच दिसेल.

एक सूचना. खालच्या आज्ञा, शब्द आणि क्रमांक मी देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्षात ते रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करा. कमिटचा बाकीचा मजकूर मराठीत असला तरी काही बिघडत नाही.

## सुरुवातीआधी हाताशी काय हवं

- रेपोचा (म्हणजे रिपॉझिटरीचा) अ‍ॅडमिन हक्क. रेपो संस्थेच्या खात्यात असेल तर अ‍ॅप बसवायला बहुतेक वेळा त्या खात्याच्या ओनरची मंजुरी लागते. ती मिळायला वेळ लागू शकतो, म्हणून हे काम सगळ्यात आधी मार्गी लावा.
- बोर्डाच्या बाजूचा अ‍ॅडमिन हक्क. जिरा (अ‍ॅटलासियनचं बोर्डाचं साधन) असेल तर साइट अ‍ॅडमिनच लागतो, नुसता प्रोजेक्ट अ‍ॅडमिन पुरत नाही.
- जोडायच्या रेपोंची यादी, आणि प्रत्येकासमोर त्याची डीफॉल्ट (म्हणजे ठरलेली मुख्य) ब्रँच. ही दुसरी नोंद का हवी ते सहाव्या पायरीत कळेल.
- बोर्डावरच्या रकान्यांची नावं, आणि प्रत्येक रकान्यात कार्ड नेमकं केव्हा जातं याबद्दल टीमने दिलेलं एका ओळीचं उत्तर.
- टीममधला प्रत्येकजण कमिटसाठी कुठला ईमेल वापरतो त्याची माहिती. ‘गिट कॉन्फिग युजर डॉट ईमेल’ ही आज्ञा चालवली की तो दिसतो.
- चाचणीसाठी एक रिकामा रेपो आणि बोर्डावर एक वेगळं चाचणी कार्ड.

तुमची रिपॉझिटरी कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर, फायरवॉलच्या आत असेल आणि बोर्ड क्लाउडवर असेल, तर नेटवर्क सांभाळणाऱ्या सहकाऱ्यालाही आत्ताच बोलावून घ्या. क्लाउडवरचा बोर्ड आतल्या सर्व्हरपर्यंत पोहोचू शकला नाही तर पुढची कुठलीच पायरी चालणार नाही, आणि पडद्यावर दिसणाऱ्या एररवरून हे कारण सहसा लक्षातही येत नाही.

## १. बोर्ड आणि कोड एकाच घरात आहेत का ते बघा

पहिला प्रश्न हाच. गिटहब प्रोजेक्ट्स किंवा गिटलॅबचे इश्यू बोर्ड वापरत असाल तर कार्ड (तिथे त्याला इश्यू म्हणतात) आणि कोड एकाच ठिकाणी असतात. वेगळं अ‍ॅप बसवावं लागत नाही, फक्त नियम चालू करायचे असतात. जिरा, अ‍ॅझ्युअर बोर्ड्स, ट्रेलो अशा साधनांत बोर्ड एका कंपनीचा आणि रेपो दुसरीकडे अशी स्थिती असते. तिथे मध्ये पूल लागतो: अ‍ॅप, इंटिग्रेशन किंवा वेबहुक (रेपोत काही घडलं की दुसऱ्या सर्व्हरला आपोआप जाणारा निरोप).

नव्याने सुरुवात करणाऱ्या छोट्या टीमला माझा सल्ला सरळ आहे. बोर्ड अजून ठरला नसेल तर रेपो जिथे आहे तिथलाच बोर्ड घ्या. फिचर्स थोडी कमी मिळतील, पण सांभाळायचा एक सांधा कमी होईल. आधीच जिरावर वर्षांचं काम साठलेलं असेल तर मात्र फक्त जोडणीसाठी ते हलवायच्या भरीस पडू नका.

## २. कार्डाची ओळख ठरवा

प्रत्येक साधनात कार्ड ओळखण्याची पद्धत वेगळी आहे. एकदा नीट समजून घेतली की अर्धे घोळ टळतात.

गिटहब: हॅशचं चिन्ह आणि त्याला चिकटून क्रमांक, जसं #४५. एका रेपोत इश्यू आणि पुल रिक्वेस्ट यांचे क्रमांक एकाच मालिकेतले असतात, त्यामुळे इश्यू ४५ असेल तर पुल रिक्वेस्ट ४५ असूच शकत नाही. इश्यू दुसऱ्या रेपोत असेल तर आधी खात्याचं नाव, तिरकी रेघ, रेपोचं नाव आणि मग #४५ असं लिहावं लागतं. नुसतं #४५ लिहिलं तर तुमच्याच रेपोतला ४५ क्रमांकाचा, भलत्याच विषयावरचा इश्यू जोडला जाईल.

गिटलॅब: इश्यूला #४५ आणि मर्ज रिक्वेस्टला (पुल रिक्वेस्टचं तिथलं नाव) !४५. इथे दोन्हींच्या मालिका वेगळ्या आहेत, म्हणून चिन्ह चुकलं की संदर्भच बदलतो.

जिरा: प्रोजेक्टची कळ (त्याचं ठरलेलं छोटं नाव), मधली रेघ आणि क्रमांक, जसं पीएवाय-१४२. कळ कॅपिटल अक्षरांतच लिहा. ब्रँचची नावं छोट्या अक्षरांत ठेवायची सवय अनेकांना असते, आणि जोडणी न दिसण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

अ‍ॅझ्युअर बोर्ड्स आणि गिटहब: एबी#१२५. ‘एबी’ विसरून नुसतं #१२५ लिहिलं तर गिटहब त्याला स्वतःचा इश्यू समजतो.

आता ब्रँचच्या नावाचा नमुना ठरवा. आमच्याकडे टिकलेला नमुना असा: आधी कार्डाची कळ, मग दोन-तीन शब्दांत विषय. म्हणजे ‘पीएवाय-१४२-रीसेट-लिंक’. विकासकाचं नाव, तारीख, कामाचा प्रकार, आवृत्ती असं सगळं नावात कोंबायचा मोह टाळा. नाव जितकं लांब, तितकं ते कुणी पाळत नाही.

गिटलॅबमध्ये ब्रँचचं नाव इश्यूच्या क्रमांकाने सुरू केलं तर मर्ज रिक्वेस्ट बनवताना तो इश्यू बंद करणारी ओळ वर्णनात आपोआप येते. गिटहबमध्ये इश्यूच्या पानावर उजवीकडे ‘डेव्हलपमेंट’ नावाचा भाग असतो. तिथूनच ब्रँच तयार केली की तिच्यावरून निघालेली पुल रिक्वेस्ट त्या इश्यूला आपोआप जोडली जाते. नावं हाताने टाइप करायचा कंटाळा येणाऱ्यांनी हाच रस्ता धरावा.

आणि एक सापळा गिटहब प्रोजेक्ट्सचा. बोर्डावर थेट टाइप करून टाकलेलं कार्ड हा ‘ड्राफ्ट’ असतो. त्याला क्रमांकच नसतो, त्यामुळे कोडमधून त्याचा उल्लेख करता येत नाही. काम हातात घेण्याआधी त्याचं इश्यूत रूपांतर करा. पाहिजे तर ‘आता करायचं’ रकान्यात ड्राफ्ट चालणार नाही असा नियमच टीममध्ये करून टाका.

## ३. प्रत्यक्ष जोडणी

गिटहब प्रोजेक्ट्स. प्रोजेक्ट हा व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या खात्याखाली असतो, रेपोच्या पोटात नाही. रेपोच्या ‘प्रोजेक्ट्स’ टॅबमधून तो त्या रेपोशी जोडा. मग प्रोजेक्टच्या ‘वर्कफ्लोज’मध्ये जाऊन ‘ऑटो-अ‍ॅड’ चालू करा आणि कुठल्या रेपोतले, कुठल्या लेबलचे इश्यू बोर्डावर आपोआप यावेत ते फिल्टरने सांगा. हा नियम चालू केल्याक्षणी जुने इश्यू बोर्डावर येत नाहीत. पुढे नवे तयार होतील किंवा जुन्यांत काही बदल होईल तेव्हाच ते येतात. जुने एकदा हाताने घालावे लागतात. जुन्या पद्धतीचे, ‘क्लासिक’ म्हणून ओळखले जाणारे प्रोजेक्ट गिटहबने २०२४ मध्ये बंद केले, त्यामुळे इंटरनेटवर कुठे जुनं मार्गदर्शन सापडलं आणि त्यातले पडदे तुमच्याशी जुळले नाहीत, तर कारण बहुधा हेच.

जिरा आणि गिटहब. अ‍ॅटलासियनच्या मार्केटप्लेसमधून गिटहबचं अधिकृत अ‍ॅप जिरावर बसवा, मग त्यातून गिटहबची संस्था जोडा. इथे जिराचा साइट अ‍ॅडमिन आणि गिटहबचा ओनर दोघेही लागतात. दोन वेगळी माणसं असतील तर त्यांना एकाच वेळी कॉलवर घ्या. निरोपानिरोपीत हे काम फार रेंगाळतं. अ‍ॅप विचारेल, सगळे रेपो की निवडक? निवडकच द्या. त्यानंतर अ‍ॅप जुने कमिट आणि ब्रँच वाचायला घेतं. रेपो मोठा असेल तर याला वेळ लागतो. तोवर कार्डांवर काही दिसलं नाही म्हणून अ‍ॅप काढून पुन्हा बसवू नका.

गिटलॅबचे बोर्ड. जोडण्यासारखं काही नाही, पण एक गोष्ट समजून घ्या. तिथले रकाने बहुतेक वेळा लेबलवर चालतात. कार्ड सरकवलं की लेबल बदलतं, लेबल बदललं की कार्ड सरकतं. मर्ज झाल्यावर इश्यू बंद होऊन शेवटच्या रकान्यात जातो, पण मधले टप्पे तुम्हालाच सांभाळावे लागतात.

अ‍ॅझ्युअर बोर्ड्स. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये गिटहबची जोडणी आहे. तिथून खातं जोडा, रेपो निवडा, झालं.

ट्रेलो. बोर्डावर गिटहबचं पॉवर-अप चालू करा. मग कार्डाला ब्रँच, कमिट, इश्यू किंवा पुल रिक्वेस्ट जोडता येते आणि तिची स्थिती कार्डावर दिसते. ही जोड मुख्यतः हाताने करायची असते. छोट्या टीमला तेवढं पुरतं.

## ४. एका चाचणी कार्डाचा पूर्ण प्रवास करून बघा

टीमला कळवण्याआधी एक कार्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवा. जिराचं उदाहरण घेतो, बाकी ठिकाणीही क्रम हाच.

कार्ड तयार करा: ‘रीसेटची लिंक दुसऱ्यांदा उघडली तर रिकामं पान दिसतं’. त्याला पीएवाय-१४२ क्रमांक मिळाला. रेपोत ‘पीएवाय-१४२-रीसेट-लिंक’ नावाची ब्रँच काढा आणि ती पुश करा, म्हणजे सर्व्हरवर पाठवा. नुसती लॅपटॉपवर काढलेली ब्रँच बोर्डाला दिसणार नाही, हे नव्या मंडळींच्या हमखास लक्षात राहत नाही. आता कार्ड उघडा. उजवीकडच्या ‘डेव्हलपमेंट’ भागात ‘१ ब्रँच’ असं यायला हवं.

एक छोटा बदल करून कमिट करा: ‘पीएवाय-१४२ वापरलेल्या लिंकसाठी संदेश दाखवला’. पुश करा. कार्डावर ‘१ कमिट’ वाढला का बघा. पुल रिक्वेस्ट उघडा, शीर्षकात पुन्हा तीच कळ. कार्डावर ती ‘ओपन’ दिसली पाहिजे. मर्ज करा. ‘मर्ज्ड’ दिसलं पाहिजे.

या चारपैकी जिथे गाडी अडेल तिथेच थांबून कारण शोधा. ब्रँच दिसते पण कमिट दिसत नाही, तर संदेशातली कळ तपासा. काहीच दिसत नाही, तर अ‍ॅपला त्या रेपोची परवानगी आहे का ते बघा. तुम्हाला दिसतं पण शेजारच्याला ‘डेव्हलपमेंट’ हा भागच दिसत नाही, तर जिराच्या प्रोजेक्ट परवानग्यांत ‘व्ह्यू डेव्हलपमेंट टूल्स’ त्याला दिलेली नसते. हे शेवटचं कारण फार लोकांना छळतं, कारण अ‍ॅडमिनच्या पडद्यावर सगळं ठीकच दिसत असतं.

## ५. कार्ड आपोआप कुठे हलवायचं आणि कुठे नाही

जोडणी झाली की उत्साहात सगळेच रकाने स्वयंचलित करावेसे वाटतात. इथे थोडं थांबा. माझा नियम असा: जी गोष्ट रेपोला खात्रीने माहीत आहे तेवढीच रेपोकडून हलवून घ्या. ब्रँच निघाली, पुल रिक्वेस्ट उघडली, रिव्ह्यूमध्ये बदल सुचवले, मर्ज झालं, हे रेपोला पक्कं ठाऊक असतं. चाचणी करणाऱ्याचं समाधान झालं का, ग्राहकाने होकार दिला का, हे त्याला कळायला मार्ग नाही. ते रकाने माणसांच्या हातात राहू द्या.

त्यानुसार एवढं पुरेसं आहे:

- ब्रँच तयार झाली की कार्ड ‘काम चालू’मध्ये.
- पुल रिक्वेस्ट उघडली की ‘रिव्ह्यू’मध्ये.
- मर्ज झालं की ‘चाचणीसाठी तयार’मध्ये.

तिसऱ्या ओळीवरून टीममध्ये वाद होतो, होऊ द्या. मर्ज झालं म्हणजे काम संपलं असं धरून कार्ड थेट ‘पूर्ण’मध्ये टाकणारे पुष्कळ आहेत. पण मर्ज झालेला कोड वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचलेला असतोच असं नाही. बोर्ड बघून कुणी ग्राहकाला ‘झालं’ म्हणून कळवलं आणि रिलीज पुढच्या आठवड्यात असेल, तर बोर्डावरचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळवायला फार वेळ लागतो. तुमच्याकडे मर्ज होताच कोड आपोआप वापरात जात असेल तर गोष्ट वेगळी. मग ‘पूर्ण’ योग्यच.

जिरामध्ये हे नियम ‘ऑटोमेशन’मध्ये बसतात. ब्रँच तयार होणं, पुल रिक्वेस्ट उघडणं, मर्ज होणं यांसाठी तयार ट्रिगर आहेत. प्रत्येक नियमात ‘कार्ड सध्या अमुक स्थितीत असेल तरच’ ही अट घाला. ती नसेल तर तपासून पूर्ण झालेल्या कार्डावर कुणी छोटी दुरुस्तीची ब्रँच काढली की कार्ड उडी मारून मागे ‘काम चालू’मध्ये येईल. एका कार्डाच्या दोन पुल रिक्वेस्ट असतील तर पहिली मर्ज होताच कार्ड पुढे सरकेल, याचाही विचार आधीच करा. असं काम तुमच्याकडे नेहमीचं असेल तर कार्डाचे उपभाग करणं बरं.

गिटहब प्रोजेक्ट्समध्ये ‘बंद झालेलं कार्ड डनमध्ये’ आणि ‘मर्ज झालेली पुल रिक्वेस्ट डनमध्ये’ हे दोन नियम सुरुवातीपासूनच चालू असतात. वरचा वाद तुम्हाला पटला असेल तर ते बदलून घ्या. ‘कार्ड डनमध्ये गेलं की इश्यू बंद’ असा उलटा नियमही तिथे आहे. दोन्ही दिशांचे नियम चालू ठेवताना कुठला नियम कशामुळे सुटतो ते कागदावर बाण काढून बघा. दोन नियम एकमेकांना ढकलत राहिले की कार्ड कोणी हलवलं ते शोधणं फार किचकट होतं.

## ६. कार्ड बंद करणारे शब्द जपून वापरा

गिटहबमध्ये नऊ शब्द इश्यू बंद करतात: क्लोज, फिक्स आणि रिझॉल्व्ह, तिन्हींची साधी, ‘एस’ लागलेली आणि भूतकाळी रूपं. पुल रिक्वेस्टच्या वर्णनात ‘फिक्सेस #४५’ लिहिलं की मर्ज होताच ४५ बंद. सोय मोठी आहे, पण सापळे इथेच सगळ्यात जास्त आहेत.

डीफॉल्ट ब्रँच. पुल रिक्वेस्ट डीफॉल्ट ब्रँचकडे जात असेल तरच हे शब्द चालतात. तुमचं काम ‘डेव्हलप’मध्ये मर्ज होत असेल आणि डीफॉल्ट ‘मेन’ असेल, तर इश्यू उघडाच राहणार. यादीत डीफॉल्ट ब्रँच लिहायला सांगितली ती यासाठी.

एकाहून अधिक इश्यू. गिटहबमध्ये ‘फिक्सेस #१०, #११’ लिहिलं तर फक्त १० बंद होतो. प्रत्येकापुढे शब्द पुन्हा हवा: ‘फिक्सेस #१०, फिक्सेस #११’. गिटलॅबमध्ये मात्र एकाच शब्दापुढे स्वल्पविरामाने दिलेले सगळे बंद होतात. दोन्हीकडे काम करणाऱ्यांचा इथे नक्की गोंधळ होतो.

नकार कळत नाही. ‘धिस डझ नॉट फिक्स #१२’ असं वर्णनात लिहिलंत तरी गिटहबला दिसतं ते ‘फिक्स #१२’ एवढंच, आणि इश्यू बंद होतो. नुसता संबंध दाखवायचा असेल तर ‘संदर्भ #१२’ असं काहीतरी लिहा, जवळपास त्या नऊंपैकी एकही शब्द नको.

शीर्षक पुरत नाही. गिटहबमध्ये बंद करणारा शब्द पुल रिक्वेस्टच्या वर्णनात किंवा कमिटच्या संदेशात हवा. फक्त शीर्षकात लिहून इश्यू जोडला जात नाही.

ओळीच्या सुरुवातीचा हॅश. हा माझ्या मते सगळ्यात फसवा. ‘गिट कमिट’ दिल्यावर एडिटर उघडतो. त्यात ज्या ओळी हॅशने सुरू होतात त्या गिट टिपण समजून गाळतो. म्हणजे तुम्ही नवीन ओळीवर ‘#४५ रीसेटची दुरुस्ती’ असं लिहून एडिटर बंद केला, की ती ओळ अख्खी गायब होते. इशारा येत नाही, कमिट झाल्यासारखा दिसतो. ती एकच ओळ असेल तर मात्र संदेश रिकामा म्हणून गिट कमिट रद्द करतो. आधी एखादा शब्द लिहा, मग हॅश. किंवा ‘कोअर डॉट कमेंटचार’ ही सेटिंग बदलून टिपणासाठी दुसरं चिन्ह द्या. संदेश ‘-एम’ने आज्ञेतच दिला असेल तर ही अडचण येत नाही, म्हणून एकाच टीममध्ये काहींना हा त्रास होतो आणि काहींना होत नाही.

जिरात याच जागी ‘स्मार्ट कमिट’ आहेत. कळ लिहून पुढे हॅश आणि आज्ञा: पीएवाय-१४२ #कमेंट, #टाइम किंवा स्थितीचं नाव. यासाठी कमिटमधला ईमेल आणि जिरातला ईमेल तंतोतंत एकच हवा. लॅपटॉपवर घरचा ईमेल असलेला एकतरी सहकारी निघतोच. शिवाय एकेक आज्ञा एकाच ओळीत संपली पाहिजे. खरं सांगायचं तर नव्या टीमने स्मार्ट कमिटच्या वाटेला जाऊ नये. वेळ आणि शेरे कार्डावरच लिहावेत. कमिटचा संदेश कोडबद्दल बोलणारा असावा.

## ७. सवय टिकवण्यासाठी मदत घ्या

पहिला आठवडा सगळे क्रमांक लिहितात. नंतर विसरतात, आणि त्यात कुणाचा दोष नाही. म्हणून आठवण करून देणारी व्यवस्था हवी.

सर्वात सोपी: पुल रिक्वेस्टचा साचा. रेपोतल्या ‘डॉट गिटहब’ फोल्डरमध्ये ‘पुल_रिक्वेस्ट_टेम्प्लेट डॉट एमडी’ नावाची फाइल ठेवली की प्रत्येक नव्या पुल रिक्वेस्टमध्ये तो मजकूर आधीच भरलेला येतो. त्यात ‘कार्ड:’ एवढी एक ओळ पुरे. लांबलचक साचे लोक न वाचता तसेच सोडतात.

पुढची पायरी गिटचे हुक, म्हणजे कमिटच्या वेळी आपोआप चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट. ‘प्रिपेअर-कमिट-एमएसजी’ हा हुक ब्रँचच्या नावातून कळ काढून संदेशाच्या सुरुवातीला लावू शकतो. ‘कमिट-एमएसजी’ हा कळ नसेल तर कमिट अडवू शकतो. पहिला द्या, दुसऱ्याबाबत विचार करा. मदत करणारं साधन लोक ठेवतात, अडवणारं साधन बंद करतात. ‘डॉट गिट’च्या आतले हुक रेपोबरोबर इतरांकडे जात नाहीत हेही लक्षात घ्या. रेपोतच एक फोल्डर करून ‘कोअर डॉट हुक्सपाथ’ तिकडे वळवायचं, आणि ही आज्ञा प्रत्येकाने आपल्या यंत्रावर एकदा चालवायची.

अडवायचंच असेल तर ते सीआयमध्ये (सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या तपासण्यांत), पुल रिक्वेस्टच्या शीर्षकावर करा. तिथे सगळ्यांना नियम सारखा लागू होतो. ‘स्क्वॉश’ करून (सगळे कमिट एकात मिसळून) मर्ज करणाऱ्यांसाठी शीर्षक तर फारच महत्त्वाचं. अनेक कमिट असलेली पुल रिक्वेस्ट गिटहबवर स्क्वॉश केली की शीर्षकच नव्या कमिटची पहिली ओळ म्हणून सुचवलं जातं. शीर्षकात कळ असेल तर ती इतिहासाच्या पहिल्याच ओळीत कायमची राहते.

कार्ड नसलेल्या बारीक कामांसाठी, जसं की शुद्धलेखनाची दुरुस्ती, एक ठरलेला शब्द सूट म्हणून ठेवा. ती सोय नसेल तर लोक कुठलाही जुना क्रमांक डकवून पुढे जातात, आणि खोटा दुवा हा दुवा नसण्यापेक्षा वाईट.

## ८. परवानग्या आणि गुपितं

व्यक्तीच्या टोकनवर (तिच्या खात्याच्या प्रवेश-कळीवर) जोडणी उभी करू नका. ती व्यक्ती संस्था सोडून गेली किंवा टोकनची मुदत संपली की जोडणी मुकाट्याने बंद पडते. अधिकृत अ‍ॅप असेल तर तेच वापरा. नसेल तर या कामापुरतं वेगळं खातं करा, टोकनची मुदत टीमच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि टोकन कधीही रेपोत लिहून ठेवू नका.

गिटहब अ‍ॅक्शन्समधून (गिटहबची कामं आपोआप चालवण्याची सोय) बोर्ड हलवणार असाल तर आपोआप मिळणारं टोकन चालत नाही. ते रेपोपुरतंच असतं, प्रोजेक्टपर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी गिटहब अ‍ॅप किंवा प्रोजेक्टची परवानगी असलेलं वेगळं टोकन लागतं.

आणि बोर्डावर कोण कोण आहे ते एकदा डोळ्यांखालून घाला. रेपो खासगी असला तरी जोडणीनंतर ब्रँचची नावं, कमिटचे संदेश आणि पुल रिक्वेस्टची शीर्षकं बोर्डावर दिसू शकतात. बोर्डावर ग्राहक किंवा बाहेरची टीम असेल तर सुरक्षेची त्रुटी दुरुस्त होण्याआधीच तिचं नाव त्यांच्यासमोर येईल. अशा कामांसाठी वेगळा, बंद बोर्ड ठेवा.

## ९. चालू जोडणी बंद पडली तर

आधी रेपोच्या बाजूने बघा, कारण घटना तिथे घडते. स्वतः वेबहुक लावला असेल तर गिटहबच्या वेबहुक सेटिंग्जमध्ये ‘रीसेंट डिलिव्हरीज’ हा टॅब आहे. प्रत्येक घटना गेली का, समोरून काय उत्तर आलं, सगळं तिथे दिसतं. समोरच्या सर्व्हरने १० सेकंदांत उत्तर दिलं नाही तर गिटहब ती डिलिव्हरी फसली असं धरतो आणि स्वतःहून पुन्हा पाठवत नाही. मागच्या ३ दिवसांतल्या घटना तिथूनच हाताने पुन्हा पाठवता येतात, म्हणून सोमवारी कळलेली शुक्रवारची अडचण सोमवारीच निस्तरा. तुमचा सर्व्हर जड काम करणार असेल तर आधी ‘मिळालं’ एवढं उत्तर देऊन काम मागे रांगेत टाका. आलेली घटना खरंच गिटहबकडूनच आहे ना, हे गुप्त कळीने केलेली एसएचए-२५६ सही पडताळूनच ठरवा.

अ‍ॅपची जोडणी असेल तर तीन गोष्टी क्रमाने तपासा. अ‍ॅपला त्या रेपोची परवानगी अजून आहे का? निवडक रेपो दिलेले असतील तर नवा रेपो आपोआप त्यात येत नाही, हे सगळ्यात नेहमीचं कारण. दुसरं, अ‍ॅपने नव्या परवानग्या मागितल्यात आणि ओनरने त्या मंजूर करायच्या राहिल्यात असं आहे का? तिसरं, कुणी रकान्याचं नाव बदललं का? ऑटोमेशनचा नियम जुनी स्थिती शोधत राहतो. जिरात प्रत्येक नियमाचा ऑडिट लॉग असतो, त्यात हे स्पष्ट लिहिलेलं सापडतं.

बंद पडलेल्या काळात मर्ज झालेली कार्डं हाताने पुढे सरकवा, आणि ज्या पुल रिक्वेस्टमध्ये क्रमांक राहिला असेल तिच्या वर्णनात तो आता लिहा. मर्ज झाल्यानंतरही वर्णन बदलता येतं. कमिटचा इतिहास मात्र यासाठी उकरू नका. सगळ्यांच्या वापरातल्या ब्रँचचा इतिहास नव्याने लिहिला तर बाकीच्यांचं काम अडतं. त्याऐवजी कार्डावर त्या कमिटचा दुवा शेरा म्हणून टाका.